टाकी काढली, झाकण राहिलं

नॉरिस पेटिफरला एखादी साधी गोष्ट सांगून बघा, म्हणजे कळेल मी तेरा वर्षं काय सोसतेय. तुम्ही म्हणाल, आज पाऊस येईलसं वाटतं. तो दिवसभर त्यावर विचार करणार आणि संध्याकाळी दार वाजवून विचारणार, "हिल्डा, सकाळी तू माझ्यावर रागावली होतीस का?"

ऑडलेम गावाच्या खालच्या अंगाला कालव्यावर आमच्या दोघांच्या राहत्या बोटी एकापुढे एक बांधलेल्या असतात. माझी लांबडी, लोखंडी. त्याची 'टील' तेवीस फुटी, फायबरची. आत दोन माणसं उभी राहिली तर एकाला बाहेर यावं लागतं. नॉरिसने तीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणारी तुटकी बिस्किटं वेचून बाजूला काढली. लग्न केलं नाही. कुणाला तरी विचारायचं राहून गेलं असणार, असं माझं मत आहे.

दर तिसऱ्या गुरुवारी ग्लेनिसची इंधनाची बोट यायची. डिझेल, कोळसा, गॅस सिलिंडर. ग्लेनिस पलीकडच्या वेल्समधली, पन्नाशी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिचं जुनं दोन सिलिंडरचं इंजिन दोन पूल आधीपासून ढबढबत ऐकू यायचं, आणि ते ती वाटेत कधीच बंद करायची नाही. एकदा गार पडलं की पुन्हा सुरू करायला अर्धा तास झटावं लागतं. बोट कडेला टेकवायची, दोर हातातच धरायचा आणि विचारायचं, "नॉरिस, नेहमीचं?"

"वीस लिटर," हा म्हणायचा.

मग नळी टाकीच्या तोंडात, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं, की निघाली बाई.

आता 'टील' जागची हलत नाही, मग याला वीस लिटर लागतात कशाला? मला ते कळायला दोन वर्षं लागली. हा शहाणा दिवसचे दिवस बोट खुंटीला बांधून इंजिन नुसतं चालू ठेवायचा, गुरुवारपर्यंत टाकीत जागा व्हावी म्हणून. धूर सगळा माझ्या स्वयंपाकघरात. एकदा मी स्पष्टच बोलले.

"अरे, तिला सरळ चहाला बोलाव ना. माझे पडदे काळे झाले."

"कुणाला?" तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

नोव्हेंबरात घोळ सुरू झाला. ग्लेनिस नळी धरून उभी होती. मी पायवाटेवर, माझी कुत्री डचेस पायाशी अंग झटकत होती. ग्लेनिस खोकली आणि नाकाला हात लावून म्हणाली, "छे, काय हा वास. माणसाने राहावं तरी कसं यात?" एवढंच बोलली आणि गेली. मी विसरूनही गेले.

जानेवारीत खालच्या लॉकचे, म्हणजे बोटी वरखाली चढवायच्या पाणकोठीचे, दरवाजे दुरुस्तीला काढले. मार्च संपेपर्यंत कालवा बंद, ग्लेनिसची बोट पलीकडे अडकलेली. आणि इकडे नॉरिसने चार माणसं आणून बोटीचं इंजिन उपसून काढलं. मी चहाचा कप हातात घेऊन बघतच राहिले.

"हे काय चाललंय?"

"विजेवर करतोय. छतावर तीन सोलर पॅनल, बिछान्याखाली बॅटऱ्या, आणि गोल्फच्या गाडीची जुनी मोटर मिळालीय. आता वास येणार नाही."

"कसला वास?"

"डिझेलचा. तिला त्रास होतो ना."

मी कप खाली ठेवला. "नॉरिस, ती बाई डिझेल विकते. तुला डिझेलच लागलं नाही, तर ती इथे थांबेल कशाला?"

त्याच्या तोंडाकडे बघवेना. हा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. इंजिन तोवर भंगारवाल्याच्या गाडीत चढलं होतं. तो किती तरी वेळ त्या रिकाम्या खड्ड्याकडे बघत बसला, आणि मला माझ्याच जिभेचा राग आला.

दोन दिवसांनी स्वतःच म्हणाला, "मी तिला फिरायला नेईन. पहिल्या गुरुवारी. वरच्या वळणापर्यंत. ती आयुष्यभर त्या ढबढबीवर उभी आहे, हिल्डा. आवाजाशिवाय पाणी कसं असतं ते तिला दाखवीन. मग ती थांबेल का?"

"तू विचारलंस तर थांबेल."

"हो, विचारावं लागेल," तो म्हणाला. विजेच्या तारांपेक्षा त्याला विचारण्याचीच भीती जास्त वाटत होती.

तारांचा घोळ तर काय सांगू. टाकी काढताना टॉर्च धरायला मी, वायर ओळखायला मी. "लाल कुठली म्हणालीस?" हे त्याने मला इतक्या वेळा विचारलं की शेवटी मलाच लाल रंगाची शंका यायला लागली. पहिल्या दिवशी दांडा पुढे ढकलला आणि 'टील' ऐटीत मागे येऊन माझ्या बोटीवर आदळली. दोन तारांची अदलाबदल झाली होती. त्या सरळ केल्या. मग मोटर चालू आहे की बंद हेच त्याला कळेना, आवाजच नाही. खुंटीला बांधलेली बोट अर्धा तास दोराला ओढत होती आणि हा आत बसून माहितीपत्रक वाचत होता.

एक गोष्ट मात्र त्याने तशीच ठेवली. टाकी गेली, पण बाहेर टाकीच्या तोंडावरचं पितळी झाकण आणि त्याखालचा रबरी पाइप जागेवरच. जुनं प्लास्टिकचं झाकण एकदा पाण्यात पडलं होतं, तेव्हा ग्लेनिसने आपल्या सामानातून हे शोधून दिलं होतं.

"ते भोक बुजव की," मी म्हटलं.

"बुजवतो," तो म्हणाला आणि झाकण पुसत बसला.

एप्रिलचा पहिला गुरुवार. नॉरिस धुतलेला सदरा घालून गावात गेला, ग्लेनिससाठी लिंबाचा केक आणायला. मी डचेसला टबात घालून साबण लावत होते. ग्लेनिस नेहमीपेक्षा तासभर आधीच आली.

"नॉरिस कुठेय?"

"गावात. येईलच."

"थांबायला वेळ नाही गं आज, सगळी गिऱ्हाइकं तीन महिन्यांची खोळंबलीत. नेहमीचं भरून ठेवू?"

"भर," मी म्हणाले.

देवाशप्पथ, मला अजून कळत नाही मी तसं का म्हणाले. टाकी माझ्या डोळ्यांदेखत निघाली होती. पण तेरा वर्षं तोच प्रश्न, तेच उत्तर. कुत्री हातातून निसटत होती आणि तोंडातून शब्द निघून गेला. ग्लेनिसलाही शंका येण्याचं कारण नव्हतं. दिव्यांपुरती पॅनल आता निम्म्या बोटींवर असतात. तिने पितळी झाकण उघडलं, वीस लिटर मोजून ओतलं, हात केला आणि निघाली.

थोड्या वेळाने नॉरिस पायवाटेवरून जवळजवळ पळत आला. केकचा खोका छातीशी धरलेला.

"आली का ती? मला वास आला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो आत गेला, फळी उचलली. बोटीच्या तळात वीस लिटर डिझेल, त्यावर दिव्याचं प्रतिबिंब. मोटर उंच चौकटीवर बसवलेली होती म्हणून वाचली.

नॉरिस माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "हिल्डा, मी टाकी काढली होती ना? मला काढलेली आठवतेय."

मला रडू आलं, खरं सांगते. मी ग्लेनिसला फोन लावला.

पाऊण तासाने ती चालत आली, हातात पंप, डबे आणि चिंध्यांची पिशवी. तिची बोट वरच्या पुलाशी कुणाच्या तरी भरवशावर, इंजिन चालूच. आत डोकावून तिने कमरेवर हात ठेवले.

"टाकी कुठे गेली?"

"काढली," नॉरिस म्हणाला. "तू वास म्हणालीस ना, नोव्हेंबरात. राहावं कसं यात, म्हणालीस."

ग्लेनिसच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग तिने डचेसकडे बोट केलं. "अरे, मी हिच्याबद्दल बोलत होते. मेलेल्या माशावर लोळून आली होती ही बया."

नॉरिसने कुत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पॅनलकडे. मला तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"माझ्या खोकल्यासाठी तू इंजिन काढलंस?" ग्लेनिसने विचारलं.

"हो. पण मग हिल्डा म्हणाली की तू थांबणार नाहीस. मग मला काही कळेनासं झालं."

ती गुडघे टेकून पंप मारायला लागली. डिझेल डब्यांत भरलं, तळ पुसला, दोघांनी मिळून, एकमेकांकडे न बघता. मी बाहेर डबे रांगेत लावत होते. ग्लेनिस एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होती.

"हलत नाही त्या बोटीला दर वेळी वीस लिटर," ती शेवटी म्हणाली. "मला काय समजत नव्हतं होय?"

"मग बोलायचं नाही का, बाई?" मी बाहेरून म्हटलं. राहवलंच नाही.

"हा बोलेल म्हणून थांबले होते."

नॉरिस चिंध्या पिशवीत भरायला लागला. केक तसाच खोक्यात राहिला, फिरायला जाण्याचं नावही निघालं नाही. ग्लेनिस हात पुसून बाहेर आली, वहीत पेन्सिल खोचलेली होती ती काढली.

"तीन आठवड्यांनी येतेय. तुझ्यासाठी काय लिहू?"

आता तरी बोल मेल्या, मी मनात म्हटलं. त्याने पितळी झाकणाकडे बघितलं, घाम पुसला.

"वीस लिटर," तो म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. ग्लेनिसने चेहऱ्यावर हसू न आणता लिहून घेतलं आणि डबे उचलायला लागली.

तिसरा गुरुवार आला. दुपारी दोन पूल पलीकडून ढबढब ऐकू आली. नॉरिस सकाळपासून बाहेर उभा होता, झाकण घासून लखलखीत केलेलं, मोटर तीनदा तपासलेली. ग्लेनिसने बोट कडेला टेकवली. दोर हातात धरला नाही. हातोडा घेऊन खाली उतरली, दोन खुंट्या जमिनीत ठोकल्या, दोन्ही दोर बांधले. मग आत गेली, आणि इंजिन थांबलं.

तेरा वर्षांत मी ते थांबलेलं कधी ऐकलं नव्हतं. डचेससुद्धा उठून उभी राहिली.

"काय झालं?" नॉरिस घाबरून म्हणाला. "बिघडलं का? सुरू होत नाही का?"

"होईल की," ग्लेनिस 'टील'वर पाय ठेवत म्हणाली. "उद्या करेन."