टॉवेलाखालचा सौदा

मोबाईलवर टॉवेल टाकून गेम खेळणारा माणूस मी एकच बघितलाय. आमचे हडपसरचे घरमालक, तात्या. दुपारचं जेवण झालं की पार्किंगमधल्या खुर्चीत बसायचे. मांडीवर फोन, फोनवर टॉवेल, टॉवेलाखाली बोट. जाणाऱ्यायेणाऱ्याला वाटावं, म्हातारा गुडघा शेकतोय.

मी नवा भाडेकरू. काय चाललंय विचारलं, तर म्हणाले, "सौदा चाललाय. मधी बोलू नको."

गेम शेतीचा होता. तात्यांचं खरं रान बिल्डरला गेलं. तिथं आता काचेच्या इमारतीतली कंपनी उभी आहे आणि मी तिथंच कामाला. रोज संध्याकाळी आलो की विचारायचे, "काय रं, आज काय पिकवलं आमच्या रानात?"

मोबाईलमधल्या रानात तात्यांकडं सगळं होतं, फक्त बैल एकच. पांढराशुभ्र. दुसरा पाहिजे तर पैसे भरून बंद पेटी घ्यायची, आत काय निघेल ती कंपनीची मर्जी. तात्यांना टोप्या निघायच्या. कोंबड्या निघायच्या. एकदा बर्फावरची घसरगाडी निघाली. "ही कुठं जुंपू?" म्हणाले.

मी सांगून बघितलं की तात्या, गेममध्ये एका बैलावर पण नांगर चालतो. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना एका चपलेत लग्नाला पाठवत होतो.

टॉवेलाचं गुपित तात्यांच्या बायकोनं, काकूंनी सांगितलं. बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. दोघांनी टॉवेलाखाली हात घालायचे, बोटं धरून आकडा ठरवायचा. आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. आणि एकदा ठरलं की मोडायचं नाही. "बाजाराला पत्ता लागत नसेल, पण बँकेचा मेसेज माझ्या फोनवर येतो," काकू म्हणाल्या. "लेकीच्या घरासाठी ठेवलेले पैसे आहेत ते. तिला काय टोप्या देणारेत?"

आता, मला आवाज काढता येतात. गावाकडं हेडमास्तरांच्या आवाजात मी माईकवरून अख्ख्या शाळेला अर्धी सुट्टी दिलेली आहे. काकूंनी ही कला कामाला लावली. वरच्या खोलीतून मी तात्यांना फोन केला आणि एकदम साहेबी आवाजात सांगितलं, गेम कंपनीतून बोलतोय, यापुढे आपल्याला पेटी मिळणार नाही.

"बरं," तात्या शांतपणे म्हणाले. "पण साहेब, पेटी घ्यायच्या आधी बैलाचे दात बघायची सोय का न्हाई ठेवली?"

तसा नियम नसल्याचं साहेबांनी कळवलं.

"मग खाली या. समोरासमोर बोलू. आन येताना गॅलरीतली तुमची चड्डी काढा, वाळलीया."

गेलो. काकू दारात उभ्या. तात्यांनी टॉवेल पसरला, माझा हात आत ओढला आणि म्हणाले, आता किती पेट्यांवर थांबायचं ते तूच सांग. मला बोटांची भाषा कुठली यायला? घाबरून मी त्यांचा अख्खा पंजाच धरला.

"पाच," तात्या खुशीत म्हणाले. "सौदा झाला."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "वा. वकील आम्ही लावला, आणि भांडला त्यांच्याकडून."

चार पेट्या लगेच उघडल्या. टोप्याच टोप्या. पाचवीला मात्र बोट टॉवेलाखाली तसंच राहिलं. मग माझ्याकडं न बघता तात्या बोलायला लागले. रान गेल्यावर त्यांनी बैल बाजारात नेले होते. गिऱ्हाईकाला एकच पाहिजे होता. "जोडी फोडली मी," म्हणाले. "टावेलाखाली माझाबी हात होता की. काढून घेता आला असता."

बोट दाबलं. कोंबडी.

टॉवेलानं त्यांनी फोन पुसला आणि टॉवेल खांद्यावर टाकला. त्यानंतर पेटी नाही. मला वाटलं होतं, पोळ्याला तरी सौदा मोडतील.

पोळ्याच्या दिवशी खाली गेलो. पाटावर फोन उभा केलेला, त्यात पांढरा बैल, पुढं पुरणपोळी. शेजारी मातीचा एक बैल, बरोबर तेवढ्याच उंचीचा. चार दुकानं फिरून काकूंनी तो मापाचा शोधला होता. वर दुकानदाराला सांगितलं होतं म्हणे, "दात बघून द्या."

तात्या ओवाळत होते आणि फोन वाजला. सणानिमित्त पेटी अर्ध्या किमतीत.

तात्यांनी निरांजन खाली ठेवलं नाही. मला म्हणाले, "तुझ्या त्या साहेबी आवाजात सांग त्याला. जोडी हाय म्हणावं घरात."

मी फोनकडं वाकून सांगितलं. पण साहेबाचा आवाज काही निघाला नाही.