गोलाईचा उलटा फेरा

लातूरच्या गोलाईत माझा नवरा हरवला. बांगड्या भरून मी हात मागे घेतला, वळून पाहिलं, तर समोरच्या रसवंतीच्या बाकावर त्यांचा अर्धा ग्लास होता आणि ते नव्हते. रसवाल्याला विचारलं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत त्याचं लक्ष नव्हतं. त्यांचा मोबाईल माझ्याच पिशवीत.

वर्षभरापासून त्यांना विसर पडायला लागला होता. आधी चष्मा, मग जेवलो की नाही ते, मग थोरल्या मुलीचं नाव. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, जुन्या आवडीच्या ठिकाणी फिरवत जा, त्यानं कधी कधी बरं वाटतं. माझे गुडघे त्यांनी पाहिले नव्हते. पण फिरवलं.

मुलीकडे नांदेडला राहायला आल्यापासून संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बसणं ही आमची चैन होती. तिथं नेलं, तर पाण्याकडे पाहत बसले आणि घरी कधी जायचं, एवढंच विचारत राहिले. मग गुरुद्वाऱ्यात नेलं. तिथला लंगर मला फार आवडतो. त्यात भक्ती कमी आणि आराम जास्त. जन्मभर मी वाढलं आणि मागं उरलं ते खाल्लं. तिथं पंगतीत बसलं की कोणीतरी वाकून गरम रोटी हातावर ठेवतं, आणखी घ्या म्हणतं. ते पोटभर जेवले. कुठं आलोय, ते त्यांना सांगता आलं नाही.

राहिली गोलाई. आमचं गाव औशाकडचं, त्यामुळे लग्नाचा बस्ता, बाळंतपणाचा डिंक, पोरींचे दागिने, सगळं गोलाईतच घेतलेलं. मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठं चपला, कुठं भांडी, कुठं मिरची, कुठं गूळ. मिरची आणि गूळ तर नाकालाच कळतात. खरेदी झाली की ते मला उसाचा रस पाजायचे, आल्याचा, बर्फ न घालता. बाकी लाड त्यांनी फारसे केले नाहीत. एक दिवस त्यांना एसटीत घातलं आणि लातूरला आणलं. रसाचा घोट घेऊन ते म्हणाले, आलं कमी पडलंय. मला बरं वाटलं. तेवढ्या भरवशावर मी बांगड्या भरायला बसले.

मग मी शोधत निघाले. देवी उजव्या हाताला ठेवून, कायम फिरत आलो तशी. प्रत्येक दुकानात एकच उत्तर मिळे, पांढऱ्या टोपीवाले ना, आत्ताच पुढं गेले. किती फेरे झाले ठाऊक नाही. शेवटी पाय उचलेनात, म्हणून परत बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर टेकले. मुलगी फोनवर रडत होती. तिला म्हटलं, रडून काय होणार, फोन ठेव.

कासारीण सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मावशे, म्हाताऱ्याच्या मागं मागं काय फिरायलीस? उलटी फिर की."

"देवीला उलटा फेरा घालू व्हय?"

"तिला काय दिसत न्हाई का, तुझा म्हातारा हरवलाय ते?"

उठले. उलटी निघाले. येणाऱ्यांचे धक्के खाल्ले, एका हातगाडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. भांड्यांच्या रस्त्याच्या तोंडाशी ते समोरून आले. टोपी हातात, घामानं निथळत. माझ्यापुढे थांबून त्यांनी हात जोडले.

"बाई, आमची मंडळी दिसली का कुठं? हिरवं लुगडं हाय. मघापासून हुडकायलोय. तिला सोडून गावाकडं कसा जाऊ?"

हिरवं लुगडं मी शेवटचं कधी नेसले, ते मलाही आठवत नाही.

"दिसली," मी म्हटलं. "चला, दाखवते."

ते निघाले, पण हात धरू देईनात. परक्या बाईचा हात कसा धरायचा? मग पिशवीचा एक बंद त्यांच्या हातात दिला आणि एक मी धरला. असे आम्ही स्टँडपर्यंत गेलो. गाडीत चढताना त्यांनी कंडक्टरला विचारलं, आमची मंडळी चढली का. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो म्हणाला, चढली, बसा आजोबा. मग ते खिडकीशी बसले आणि अहमदपूर यायच्या आत झोपले.

डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं, आता फिरवणार नाही. त्यानंतर घरातल्या घरात ते मला बाईच म्हणत, आणि मी वाढलेलं निमूट जेवत. मंडळी कधी येणार, असं विचारलं की मी म्हणायची, येईल. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

त्या दिवशी गोलाईत आम्ही दोघं एकमेकांना शोधत होतो. आता एकटी मी शोधते आहे.