उकडलेलं बियाणं

आमच्या गावची माता माय नवसाला पावते म्हणतात. पण त्या पावसाळ्यात मला तिच्या देवळाकडं बघायचीही भीती वाटायची, कारण मी तिच्याकडे भलतंच काही मागून बसले होते.

आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. दोन वर्षांआधी अड्याळच्या अलीकडं आमचं खाऊनपिऊन सुखी घर होतं. तीन एकर धानाची बांधी, दारात बैलजोडी. मग यांना क्षय झाला. आधी बैल गेले, मग माझ्या पाटल्या, मग अर्धी जमीन. गरिबी काही दार तोडून येत नाही हो, एकेक वस्तू उचलत येते. मी लोकांच्या घरचं धान भरडण्याआधी भिजवून उकडून देऊ लागले. उरलेल्या बांधीत यंदा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, झाली नाही तर तीही जाणार आणि आपण कायमचे मजूर होणार, ही धास्ती मला रात्रंदिवस होती.

सासूबाईंनी अर्धपोटी राहून बियाणं राखलं होतं. पेरणीच्या आदल्या दिवशी मी ते मोठ्या गंजात भिजत घातलं. सकाळी यांच्या खोकल्यातून रक्त पडलं. मी हादरून गेले, पण हात सवयीनं चालत राहिले. भिजलं धान दिसलं की चुलीवर चढवायचं, एवढंच त्या हातांना ठाऊक. वाफेचा वास आला तेव्हा भानावर आले. बियाणंच उकडून बसले होते.

सासूबाई शेतावर होत्या. त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. ते धान मी वाळवलं आणि चक्क पेरलं. रोज सकाळी देवळापुढं खाली मान घालूनच हात जोडायची, "माय, एवढं उगवू दे." शेजारचं पऱ्हं, म्हणजे लावणीची रोपं, वीतभर झालं, आमच्या वाफ्यात नुसता चिखल. सासूबाई रोज जाऊन बघत आणि काहीच बोलत नसत. त्या गप्प राहण्यानं माझा जीव अर्धा झाला.

बाजाराच्या दिवशी देवळाच्या पायरीवर रडत बसले होते. एक अनोळखी म्हातारी शेजारी टेकली. "काहून रडून राहिली वं?"

का कोण जाणे, तिला सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही.

"मेल्या दाण्यातून अंकुर मांगतं काय, पोरी? घरी जाय अन् सासूले खरं सांग. आमचा रोवणा आटोपला. उरलं पऱ्हं आमच्या घरी इकत नाही, पाप लागते. गाव सांग, उद्या गाडी पाठवतो."

दुसऱ्या दिवशी खरंच हिरव्या जुड्यांनी भरलेली गाडी आली. गाडीवानानं म्हातारीचं नाव सांगितलं नाही, ती मला पुन्हा दिसलीही नाही. बांधी रोवली गेली. पुढं यांचं दुखणं हटलं, आणि पाच-सहा वर्षांनी दारात बैलही आले.

पण मला कृपा म्हटलं की गाडी आठवत नाही, ती यायच्या आदली संध्याकाळ आठवते. मी सासूबाईंचे पाय धरून सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मले पयल्याच दिवशी समजलं होतं. उकडल्या धानाचा रंग लपते काय? मी तुले कायले बोलू? मी बी रोज मातेले तेच मांगून राहिली होती, सुनेसाठी तरी उगवू दे म्हणून."

एकाच घरात आम्ही दोघी महिनाभर वेगवेगळ्या भ्यायलो होतो. माते, तू ते बियाणं उगवू दिलं नाहीस, म्हणून आम्ही एकमेकींशी बोललो; हे तुझे उपकार.