उज्वलाची दसऱ्याची झाडझूड

सातपूरच्या त्या ऑफिसात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दसऱ्याच्या मुहूर्तावरच द्यायची, असा महेश सरांचा दंडक. आणि मुहूर्त म्हटला की राखणीला उज्वला! सगळ्यांत नवीन ना ती. सगळ्यांनी लिहिलेले तुकडे जोडून एक चालतं सॉफ्टवेअर तयार करायचं, त्याला म्हणायचं बिल्ड. अख्खा दिवस लागायचा त्याला, मधेच अडला तर पुढे ढकलायला माणूस हवा. बाकीचे पूजा करून, पेढा खाऊन पसार! उज्वलाचे दोन दसरे असेच गेले. लासलगावला आई, सिंधुबाई, वाट बघत बसली.

म्हणून यंदा घट बसल्यापासून उज्वला सूचनांच्या फायलीत घुसली. कोणता तुकडा कुठून आणायचा, आधी कोणता, मग कोणता, हे त्या फायलीत. बाई गं, काय तो पसारा! एकच तुकडा प्रत्येकाने पुन्हा पुन्हा मागवलेला. दुसऱ्याची ओळ खोडायची म्हणजे त्याचा अपमान, म्हणून सगळे नुसती खाली भर घालत गेलेले. कहर म्हणजे निम्म्या ओळी दिनेशच्या कॉम्प्युटरवरून माल आणत होत्या. दिनेश नोकरी सोडून केव्हाच पुण्याला गेला, पण त्याचा कॉम्प्युटर कोपऱ्यात घरघरतोय, वर चिठ्ठी: 'बंद करू नये'. त्याला दसऱ्याचं हळदकुंकूसुद्धा चालू असतानाच!

तिने दिनेशच्या कॉम्प्युटरवरचं कामाचं तेवढं ऑफिसच्या सामायिक सर्व्हरवर आणून ठेवलं आणि दुबार ओळी सपासप उडवल्या. एकेक ओळ गेली की तिला गुदगुल्या व्हायच्या.

दसऱ्याला आरती झाली आणि तिने सगळ्यांदेखत दिनेशच्या कॉम्प्युटरची पिन उपटली. मग बिल्ड सुरू केला.

"अगं ए! गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू मी?" महेश सर किंचाळले.

"पेढा खा सर तोवर," ती म्हणाली. बिल्ड अडला असता तर दसरा गेलाच असता, वर नोकरीही.

पेढे वाटून होईस्तोवर बिल्ड तयार! महेश सरांनी चालवून बघितलं, पुन्हा चालवून बघितलं. "जा बाई, पळ घरी," ते म्हणाले. ती खरंच पळाली.

लासलगावला एसटीतून उतरली तेव्हा लख्ख ऊन होतं. सिंधुबाई दारातलं झेंडूचं तोरण सारखं करत होती. लेकीला बघून ते हातातून सुटलंच.

"भर दिवसा कशी गं? काढून टाकलं का तुला?"

"नाय गं आई! काम झालं, लवकर झालं!" उज्वलाला हसू आवरेना.

सिंधुबाईला कुठलं पटायला! तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"गेली तर गेली नोकरी, माय. दसऱ्याला आलीस ना, लय झालं."