मेल नाई म्हंजे सगळं बरोबर

आमच्या वर्ध्याच्या ऑफिसात कोपऱ्यात एक काळं मशीन आहे. त्याले धड स्क्रीनही नाई. आम्ही दिवसभर जो कोड लिहितो तो हे मशीन स्वतःच गोळा करते, जोडते, तपासते, अन् कुठं मोडलं असलं तं सगळ्याईले मेल पाठवते. नीट असलं तं गप राह्यते. म्हणून ऑफिसात एक नियमच पडून गेलता. मेल आला नाई म्हंजे सगळं बरोबर. चार वर्षं आम्ही त्या नियमाच्या भरवशावर बिनधास्त होतो.

सहा महिन्यांपासून हे मशीन मंजुषाच्या ताब्यात होतं. मंजुषा तळेगाव श्यामजीपंत ह्या गावची, राह्यते सावंगीले खोली करून. इंजिनिअर नाई, बी.ए. झालेली. आमचं सॉफ्टवेअर लहान पोराईच्या डॉक्टरसाठी आहे. कोणत्या लेकराले कोणती लस कधी द्यायची ते सांगते, चिठ्ठी छापते. त्यात जुनी लसीकरणाची कार्डं टाइप करायले मंजुषा लागली होती. तीन वर्षं तिनं कार्डंच टाइप केली. चहाच्या वेळी मात्र माझ्या मागं येऊन उभी राह्यची अन् हे काऊन, ते काऊन विचारायची. मी टेस्टिंग करते अन् माझं डोकं लवकर तापते, हे सगळ्याईले माहीत आहे. मी खेकसायची. पण खरं सांगते, एकदा सांगितलेलं तिनं दुसऱ्यांदा कधी विचारलं नाई. सगळं एका निळ्या वहीत लिहून ठेवायची. शेवटी रजत सरांनी, म्हंजे आमच्या मालकांनी, मशीन तिच्या हाती दिलं. तेव्हापासून रोज सकाळी आल्या आल्या ती ते फडक्यानं पुसते. आम्ही तिले चिडवायचो, एखादं काजळाचं बोटही लाव म्हणून.

दसऱ्याले आमचे भाऊजी ऑफिसातल्या सगळ्या यंत्राची पूजा करतात. भाऊजी म्हंजे नात्यातले नाई, ऑफिसात सगळेच त्याईले तसं म्हणतात. साठीच्या वरचे, ऑफिस तेच सांभाळतात. हळद-कुंकू, झेंडूचा हार, वर आपट्याची पानं. पूजेच्या दिवशी यंत्राले काम सांगायचं नाई, म्हणून प्लगही काढून ठेवतात. ह्या काळ्या मशीनले आजवर त्यांनी हात लावला नव्हता, कारण ते कधी बंदच होत नाई, लाइन गेली तरी इन्व्हर्टरवर चालते. यंदा मंजुषा स्वतः त्याईच्या मागं लागली, माझ्याही मशीनची करा म्हणून. भाऊजींनी केली, हौसेनं केली, अन् प्लगही काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत लावला. मशीन चालू झालं.

मेल मात्र बंद झाले. अन् गंमत पाहा, कोणाच्या लक्षातच आलं नाई. मेल नाई म्हंजे सगळं बरोबर! सोमवारी संध्याकाळी दवाखान्याईत सॉफ्टवेअर बसवणारा आमचा हेमराज नेहमीसारखा गेला अन् एका दवाखान्यात नवीन सॉफ्टवेअर टाकून आला. मशीनले त्यात चूक सापडली होती, पण ती आम्हाले सांगणार कोण? मंगळवारी सकाळी त्या दवाखान्यात चिठ्ठीच छापेना. लेकरं घेऊन बाया दोन तास ताटकळल्या. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा सरांचं तोंड पाहवत नव्हतं.

सरांनी सगळ्याईले बसवून विचारलं की मेल काऊन आला नाई. आता मी काय केलं ते सांगते, लपवत नाई. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंजुषानं मेलच्या यादीत हेमराजचा नवा पत्ता टाकलता. मी तोंड उघडलं अन् भर बैठकीत म्हटलं, "सर, मागच्या बुधवारी हिनंच सेटिंगले हात लावलाय. येत नाई तं हात कशाले लावावा?"

मंजुषाचे कान लाल झाले. सरांनी फैसला सांगितला. शनिवारी संध्याकाळपर्यंत मेल सुरू झाले तं ठीक, नाई तं मशीनचं काम नागपूरच्या एका कंपनीकडे जाईल अन् मंजुषा परत कार्डं टाइप करायले बसेल.

बुधवारी तिनं आपण काय बदललं ते सगळं काढून जसंच्या तसं करून पाह्यलं. मेल आला नाई. पासवर्ड तपासला, पत्ते एकेक अक्षर करून वाचले, सगळ्याईच्या स्पॅमचे डबे उघडायले लावले. काही नाई. हेमराज म्हणे, जाऊ दे वं, नागपूरवाले पाहतील. तिनं त्याच्याकडे असं पाह्यलं की तो गपचूप चहा प्यायले निघून गेला.

गुरुवारी तिनं तेच सेटिंग, तोच पासवर्ड आपल्या लॅपटॉपवर टाकला. मेल दणक्यात आला. मी पाहूनच राह्यली. म्हंजे सेटिंग बरोबर होतं. तिची चूक नव्हती, हे तिथंच सिद्ध झालं. तिनं तिथंच थांबून सरांले तसं सांगितलं असतं तं माझी चांगली जिरली असती. पण तिले स्वतःले सोडवायचं नव्हतं, मशीनले बोलतं करायचं होतं. वहीत तिनं एकच ओळ लिहिली अन् खाली दोन रेघा मारल्या. लॅपटॉपपाशी आहे अन् मशीनपाशी नाई, असं काय?

शुक्रवारी तिनं मशीनले स्क्रीन जोडली. हार अजून तसाच होता, दिवाळीपर्यंत भाऊजी काढू देत नाईत. झेंडू बाजूले सारून तिनं हातानं एक मेल पाठवून पाह्यला. मशीननं सांगितलं की मेल पोचवणाऱ्या कंपनीचं डिजिटल ओळखपत्र मले मान्य नाई, त्याची मुदत सुरूच व्हायची आहे. आम्ही म्हटलं कंपनीचंच काही बिघडलं, फोन लाव. ती म्हणे तेच ओळखपत्र लॅपटॉपले चालते, मग कंपनीचं काऊन बिघडंल? मग तिची नजर स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथं तारीख होती, जानेवारी २०१७.

मशीनच्या पोटात रुपयाएवढा एक सेल असते. प्लग काढला तरी घड्याळ चालू राहावं म्हणून. तो कधीचाच संपलता, पण मशीन कधी बंद न झाल्यानं कळलं नव्हतं. पूजेले प्लग निघाला अन् घड्याळ आठनऊ वर्षं मागं गेलं, म्हणून आजचं ओळखपत्र मशीनले पुढच्या काळातलं वाटत होतं. मंजुषा धावत जाऊन घड्याळाच्या दुकानातून सेल घेऊन आली, बसवला, तारीख लावली. मेल सुटला. आमच्या सगळ्याईचे फोन एकदम वाजले अन् भाऊजींनी मशीनले हात जोडले.

पण तिचं समाधान नाई झालं. म्हणे हे मशीन तं इंटरनेटवरून वेळ स्वतःच घेते, मग ह्या वेळी काऊन नाई घेतली? अन् ती परत खाली मान घालून बसली. इथं मले एक गोष्ट आठवली.

जून महिन्यात मले पाहायचं होतं की सहा महिन्यांनंतरच्या डोसची आठवण बरोबर येते का. त्यासाठी मी मशीनची आपोआप वेळ घ्यायची सोय बंद केली अन् तारीख पुढं ढकलली होती. काम झाल्यावर तारीख हातानं परत आणली. सोय सुरू करायची राह्यली. मी, जी भर बैठकीत म्हणाली होती की येत नाई तं हात कशाले लावावा!

शनिवारी तिनं सगळ्याईले मेल पाठवला. पहिलं कारण तिनं स्वतःचं लिहिलं होतं, मशीनची पूजा करा म्हणून मीच भाऊजींले म्हटलं, काय होईल ते विचारलं नाई. दुसरं, सेल संपलेला. तिसरं, वेळेची सोय जूनमध्ये टेस्टिंगसाठी बंद केली होती, परत सुरू करायची राह्यली. नाव नव्हतं.

सरांनी विचारलं, कोणी बंद केली? मी खाली पाहून राह्यली होती. मंजुषानं वही मिटून बाजूले ठेवली. तिच्या तोंडून माझं नाव येत नाई हे मले कळलं, अन् तेच मले सहन झालं नाई.

"मी केली सर," मी म्हटलं. "अन् बोल हिले लावला."

सर मले चांगले बोलले अन् मशीन मंजुषाकडेच राहील म्हणाले. नंतर मी तिले जिन्यात गाठलं अन् विचारलं की तुले कधी कळलं. तिनं निळी वही उघडली. जूनच्या पानावर तिच्या अक्षरात होतं, ज्योत्स्नाताई आज मशीनवर तारखेचं टेस्टिंग करून राह्यल्या.

"मग नाव काऊन नाई लिहिलं वं?"

"तुम्ही सांगसान असं वाटलं ताई," ती म्हणाली अन् वर निघून गेली.

त्या शनिवारीच तिनं जुना नियम मोडला. आता मशीन रोज सकाळी साडेनऊले एक मेल पाठवते, मी चालू आहे, आजची तारीख अमुक. तो मेल आला नाई तं कोणी कोडले हात लावायचा नाई. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहायचं काम मी मागून घेतलं. एकही दिवस चुकवला नाई.