तलंगांना घातलेला चुरा

सासरे गेले आणि सासूने अंथरूण धरलं, ते पाच महिने. आमच्या भिवपुरीच्या घरात तिला उठवलं ते कोंबड्यांनी, आम्ही कुणी नाही. सहा-सात कोंबड्या होत्या. त्यांची अंडी हातात घेतली की दबायची. त्यापायी ही बाई उठली, नदीवरून शिंपल्या वेचून आणल्या, उखळात कुटल्या आणि कोंड्यात कालवून घातल्या. पंधरवड्यात कवचं टणक झाली. मग काय विचारता! येईल त्याच्या हातात अंडं द्यायची, "दाब रं, बघ फुटतंय का!" आणि खळखळून हसायची. मला तर रडूच आलं.

तिचा जीव रमतोय म्हणून नवऱ्याने तीस पिल्लं आणली. ती वाढून दोन महिन्यांच्या, अजून अंडी न देणाऱ्या तलंगा झाल्या तसा सासूने त्यांच्याही कोंड्यात शिंपल्यांचा चुरा कालवला, चांगला मूठ-मूठ. नेरळच्या खाद्यवाल्याने मला बजावलं होतं, "अंड्यावर येईपर्यंत तलंगांना चुरा नको हां, ताई." मी घरी येऊन तसं बोलले. "पोरींची हाडं बळकट नको व्हायला? तू गप गं," ती म्हणाली. मी तोंडाची फटकळ, एरवी कुणाचं ऐकून घेत नाही. पण ती पुन्हा अंथरूण धरेल या भीतीने गप्प बसले. चुकलंच माझं.

महिन्या-दोन महिन्यांत तलंगा माना टाकून बसू लागल्या. रोज एखादी मरायची. अशक्तपणा आलाय म्हणून सासू आणखी कुटायची, आणखी घालायची. शेवटी मेलेली एक पिशवीत घालून मी कर्जतला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पोट फाडून दाखवलं. मूत्रपिंडं सुजलेली, आत खडूसारखा पांढरा गाळ. "एवढं कॅल्शियम कशाला घातलंत? अंडी देणारीचं कवचात जातं. हिचं कुठे जाणार?"

घरी आले तर सासू ओट्यावर बसलेली, मांडीत उरलेली शेवटची तलंग. तिची चोच उघडून बोटाने चुरा भरवत होती.

"काय म्हनला गं डॉक्टर?"

"रोग आला होता, आई. आपल्या हातात काही नव्हतं."

तिने पदराने तलंगेचं तोंड पुसलं. "मला वाटलंच. ताकदच नव्हती त्यांच्यात. आता नवी पिल्लं आनाल ना, त्यांना पयल्या दिवसापासून घालते. या टायमाला उशीर नाय करायची."

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं मी. पण "बरं," म्हणाले.