आय फम्बल!

हातातून काही निसटलं, की ती दोन्ही हात वर करून जाहीर करायची, "आय फम्बल!" वस्तू आत्ता पडलेली असो की काल, वाक्य तेच. वर खुदुखुदू हसायची.

हा शब्द मीच तिला दिला. अमेरिकेत श्रूजबरीला ती आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये राहायची, चीनहून आलेली. नवरा तिला येता-जाता 'क्लम्झी' म्हणायचा. मी म्हटलं, "अगं, क्लम्झी म्हणजे तू आहेसच तशी. फम्बल म्हणजे तेवढ्यापुरता हात चुकला." डोळे मिटून पर्समध्ये किल्ली चाचपडून दाखवली, मग मुद्दाम पाडली. बाई जाम खूश! "आय फम्बल! नॉट क्लम्झी!"

आम्ही दोघी नवऱ्यांच्या व्हिसावर आलेल्या, नोकरीला बंदी. मला निदान लायसन्स तरी होतं. तिला गाडी उत्तम यायची, पण इथली टेस्ट द्यायची तर सोबत लायसन्सवालं माणूस लागतं, आणि हा गृहस्थ दर वेळी "नेक्स्ट मंथ." स्वतः मित्राच्या गाडीतून ऑफिसला जायचा. आसपास ना बस, ना दुकान. गाडी दारात आणि बाई घरात! तुम्ही म्हणाल, तुला काय पडलंय? पडलं होतं बाबांनो. भिंतीपलीकडे तिच्या येरझाऱ्या मला दिवसभर ऐकू यायच्या.

शेवटी त्याला न सांगता टेस्टला मीच गेले सोबत, मागच्या सीटवर बसले.

गाडी सुरू करतानाच नेमकी किल्ली तिच्या हातातून सटकली आणि सीटखाली गेली. तिने हात वर केले, "आय फम्बल!" परीक्षक हसला. म्हणाला, "टेक युअर टाइम."

ती पास झाली. परतताना हळूच म्हणाली, "लग्न झाल्यापासून मला 'टेक युअर टाइम' असं कुणीच म्हटलं नव्हतं."

पुढच्या सोमवारी खिडकीतून पाहिलं, तर तिच्या गाडीची जागा रिकामी. संध्याकाळी तिचा नवरा आमच्या दारात. "कुठे गेली ती?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडले. आनंद होता की हेवा, देव जाणे. तिने मला विचारलं असतं, तर मी तिला नक्की थांबवलं असतं. म्हणूनच विचारलं नसेल.